दाविदाचे दोन शब्द : अपराध, विवेक आणि परतणे

१

'पश्चात्ताप' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्या पोटात माणसाच्या मनाविषयीचे एक संपूर्ण गृहीतक दडलेले आहे, याचा आपल्याला विसर पडतो. कृत्य आधी घडते, ताप मागाहून येतो. आणि हा ताप जितका तीव्र तितकी अपराध्याची शुद्धी खरी, असे हे गृहीतक आहे. संतसाहित्यातील 'अनुताप' हा याच कुळातला शब्द. एकनाथी भागवतात त्याला साधनेच्या वाटेवरील एका अपरिहार्य टप्प्याचे मोल लाभले आहे. धर्मशास्त्राची वाट वेगळी. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताचा आहे. तेथे पातकांची प्रतवारी आहे आणि प्रत्येकाला अनुरूप असा विधी आहे. म्हणजे मराठी मनापाशी एकीकडे ताप होता, दुसरीकडे विधी होता. १८११ साली सेरामपूरहून मराठी नवा करार छापला गेला तेव्हापासून पंडिता रमाबाईंचे मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध होईपर्यंत, आणि त्यानंतरही, बायबलच्या भाषांतरकारांना आपली शब्दसंपत्ती या दोन पेठांमधूनच उचलावी लागली. प्रचलित मराठी बायबलमध्ये 'पश्चात्ताप' रूढ झाला, तो यामुळे.

परंतु जुन्या करारात या अर्थी जे क्रियापद प्रामुख्याने येते त्यात ताप नाही. 'शूव' म्हणजे मागे फिरणे, परतणे. वाट चुकलेला प्रवासी परततो, तेव्हाही हेच क्रियापद वापरतात. नव्या कराराचा ग्रीक शब्द 'मेटानोइया' मनाच्या पालटाकडे निर्देश करतो. तेथेही भर दाहावर नसून दिशेवर आहे. हा फरक केवळ कोशकारांच्या कामाचा नाही. आपण ज्या शब्दाने एखादी संहिता वाचतो, तो शब्द त्या संहितेत काय शोधायचे हेही ठरवतो. बायबलमधील अपराध्याच्या कथा आपण 'पश्चात्तापा'च्या कथा म्हणून वाचू लागलो की त्यांत अश्रू, तळमळ आणि आत्मसंवाद शोधू लागतो. ते सापडले नाहीत की कथा कोरडी वाटते. प्रस्तुत लेखात शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील दावीद, बथशेबा आणि उरीया यांची कथा (अध्याय ११ व १२) समोर ठेवून असे दाखवण्याचा प्रयत्न आहे की, या संहितेत विवेक ही माणसाच्या अंतरंगातील स्वयंचलित शक्ती नाही. तो बाहेरून आलेल्या शब्दाने जागा होतो. परतण्याचा कस भावनेच्या तीव्रतेवर नव्हे तर नंतरच्या वर्तनावर लागतो. आणि क्षमा मिळाली तरी विस्मृती मिळत नाही.

२

कथा सर्वपरिचित आहे. राजे युद्धावर निघतात त्या ऋतूत दावीद यवाबाला पाठवतो आणि स्वतः यरुशलेमेत राहतो. संध्याकाळी राजवाड्याच्या गच्चीवरून त्याला एक स्त्री स्नान करताना दिसते. ती उरीया हित्ती या आपल्याच सैनिकाची पत्नी आहे हे कळूनही तो माणसे पाठवून तिला आणवतो. ती गरोदर राहते. उरीयाला रणांगणावरून बोलावून घरी पाठवण्याचा, म्हणजे मूल त्याचेच ठरवण्याचा, डाव फसतो. मग त्याच्याच हाती त्याच्या मृत्यूचे पत्र देऊन दावीद त्याला परत पाठवतो. उरीया मारला जातो. शोकाचे दिवस संपताच दावीद बथशेबेला घरात आणतो.

या अध्यायात 'पाठवणे' हे क्रियापद पुनःपुन्हा येते आणि बहुतेक वेळा त्याचा कर्ता दावीद असतो. तो सेनापतीला पाठवतो, चौकशीसाठी पाठवतो, स्त्रीला आणायला पाठवतो, उरीयाला बोलावणे पाठवतो, पत्र पाठवतो. सत्ता म्हणजे जागेवरून न हलता दुसऱ्याकरवी घडवून आणण्याची क्षमता, ही राजकीय जाणीव निवेदकाने एकाही भाष्याविना केवळ क्रियापदाच्या आवर्तनातून उभी केली आहे. राजाचे हात कोठेही माखत नाहीत. भिंतीजवळून सुटलेले बाण अम्मोनी तिरंदाजांचे आहेत, माणसाला तेथे उभा करणारा यवाब आहे, आणि पत्र वाहून नेणारा तर स्वतः बळीच आहे.

मेनाखेम पेरी आणि मेइर स्टर्नबर्ग यांनी १९६८ साली हिब्रूत लिहिलेल्या निबंधात, आणि पुढे स्टर्नबर्ग यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात, या कथेतील रिक्त जागांचा सूक्ष्म अभ्यास केला आहे. उरीयाला आपल्या पत्नीविषयी काही कळले होते की नव्हते, हा त्यांचा कळीचा प्रश्न. संहिता दोन्ही तर्कांना आधार पुरवते आणि वाचकाला दोन्ही एकाच वेळी बाळगायला लावते, हे त्यांचे प्रतिपादन आजही मोलाचे आहे. परंतु याच कथेत आणखी एक रिक्त जागा आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती अधिक भयावह आहे. ती उरीयाच्या मनातली नसून दाविदाच्या मनातली आहे. नाथान येतो तेव्हा मूल जन्मलेले आहे. म्हणजे मधे महिने लोटले आहेत. या महिन्यांत राजाला काय वाटले? झोप लागली का? संहिता काही सांगत नाही.

हे मौन जुन्या कथनपद्धतीचे दारिद्र्य आहे, असे कोणी म्हणेल. एरिक आउएरबाख यांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात होमरच्या प्रकाशमान पृष्ठभागाशी तुलना करून बायबलच्या कथनातील अनुक्त पार्श्वभूमीचे सामर्थ्य दाखवल्यापासून हा आक्षेप तसाही दुबळा झाला आहे. पण येथे त्याचे उत्तर संहितेतच आहे. हिब्रूत 'सदसद्विवेकबुद्धी'साठी स्वतंत्र शब्द नाही. त्या जागी 'हृदय' येते, आणि विवेकाची टोचणी सांगायची असेल तेव्हा 'हृदयाने प्रहार केला' असा प्रयोग येतो. दाविदाच्याच चरित्रात तो दोनदा आलेला आहे. एन-गेदीच्या रानात, गुहेत शिरलेल्या शौलाच्या झग्याचा काठ दाविदाने गुपचूप कापला, तेव्हा त्याच्या हृदयाने त्याच्यावर प्रहार केला. पुढे प्रजेची शिरगणती केल्यावरही तसेच झाले. म्हणजे हा निवेदक दाविदाच्या अंतरंगात शिरू शकतो, तशी भाषा त्याच्यापाशी आहे. कापडाच्या एका तुकड्यासाठी ज्याचे हृदय त्याला मारते, त्याच्या हृदयाने एका माणसाच्या हत्येनंतर हालचाल केल्याची नोंद नाही. इतकेच नव्हे, तर 'प्रहार करणे' हे तेच क्रियापद या अध्यायात येते, ते यवाबाला लिहिलेल्या पत्रात. तेथे प्रहार उरीयावर व्हायचा आहे.

विवेक हा उपजत असून अपराधानंतर आपोआप बोलू लागतो, या समजुतीला ही संहिता येथे छेद देते. उलट, सत्तेच्या सोयीची भाषा विवेकाला किती सहज निजवू शकते, ते ती दाखवते. उरीया मेल्याचे वृत्त आणणाऱ्या दूताबरोबर दावीद यवाबाला जो निरोप धाडतो त्याचा मथितार्थ असा की, ही गोष्ट तुझ्या दृष्टीने वाईट ठरू नये, कारण तलवार कधी याला खाते तर कधी त्याला. हत्येची येथे युद्धातील सर्वसाधारण हानी झाली. कर्ता गळून पडला आणि तलवार कर्ता झाली. अध्यायाच्या शेवटच्या वाक्यात निवेदक पहिल्यांदा निवाडा देतो, आणि तो देताना दाविदाचीच शब्दरचना उचलतो. दाविदाने केलेली गोष्ट परमेश्वराच्या दृष्टीने वाईट होती. मराठीत 'परमेश्वराला ती आवडली नाही' अशा वळणाने हे वाक्य गेले की त्यातील उलटतपासणी हरवते. मूळात एका दृष्टीसमोर दुसरी दृष्टी उभी केलेली आहे.

३

बाराव्या अध्यायाच्या आरंभी 'पाठवणे' हे क्रियापद पुन्हा येते, पण कर्ता बदललेला आहे. आता परमेश्वर नाथानाला पाठवतो. आणि नाथान येऊन आरोप करत नाही, तर गोष्ट सांगतो. एका नगरात दोन माणसे, एक श्रीमंत, एक गरीब. श्रीमंताकडे कळपच्या कळप. गरिबाकडे विकत घेतलेली एकच मेंढी. ती त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या पेल्यातून पिई, त्याच्या कुशीत निजे, त्याला मुलीसारखी होती. श्रीमंताकडे पाहुणा आला, आणि त्याने आपले जनावर न मारता गरिबाची मेंढी घेतली.

ही कथा भोळी नाही. खाणे, पिणे, निजणे ही तीन क्रियापदे वाचकाने नुकतीच ऐकली आहेत. कराराचा कोश आणि सोबती तंबूत असताना मी घरी जाऊन खाऊ, पिऊ आणि पत्नीपाशी निजू काय, असे उरीयाने राजाला विचारले होते. नाथानाच्या कथेत मृताचे शब्द परत येतात, आणि दाविदाला ते ओळखू येत नाहीत. 'मुलगी' यासाठी असलेला हिब्रू शब्द 'बत' बथशेबेच्या नावाचाच पूर्वार्ध आहे. तोही त्याच्या कानावरून जातो. 'घेणे' हे क्रियापदही दोन्हीकडे एकच आहे. वाचकाला सारे दिसते, राजाला काही दिसत नाही. आणि या न दिसण्यामुळेच त्याचा न्यायनिष्ठ संताप खराखुरा असतो. तो माणूस मरणदंडाला पात्र आहे, मेंढीच्या चौपट भरपाई त्याने केली पाहिजे, असा निवाडा तो देऊन बसतो. चौपटीचा हा दंड निर्गमाच्या पुस्तकातील कायद्याला धरून आहे. म्हणजे कायदा त्याला पाठ होता, न्यायबुद्धी शाबूत होती. नव्हती ती एकच गोष्ट : त्या न्यायबुद्धीसमोर स्वतःला उभे करण्याची क्षमता.

येथे साहित्याविषयीचा एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. कथेने जे साधले ते थेट आरोपाने साधले असते का? बहुधा नाही. आरोपापुढे सत्ताधारी स्वतःचा बचाव करतो. कथेपुढे तो क्षणभर वाचक होतो. स्वतःला विसरून दुसऱ्याच्या दुःखाशी तद्रूप होणे, हा जो कल्पितकथेचा व्यापार, त्याचाच नाथानाने सापळा केला आहे. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कथेने विवेक जागा झाला, हे म्हणणे अर्धसत्य होय. कथा ऐकून दाविदाला दुसऱ्याचा राग आला, इतकेच. कथेचा नायक तूच आहेस, हे नाथानाला नंतर तोंडाने सांगावे लागले. साहित्य संवेदना जागवते, पण ती स्वतःकडे वळवण्यासाठी कोणीतरी धोका पत्करून बोट दाखवावे लागते. साहित्याच्या नैतिक सामर्थ्याविषयी आपण जी आशावादी विधाने करतो, त्यांना ही मर्यादा जोडून घेतलेली बरी.

नाथानाचे ते बोट दाखवणे मूळ हिब्रूत अवघ्या दोन शब्दांचे आहे. त्यावर दाविदाने दिलेली पापाची कबुलीही दोन शब्दांचीच आहे. आणि मागे जाऊन पाहिले तर बथशेबेचे या कथेतील एकमेव उद्गार, आपण गरोदर असल्याचा तिने धाडलेला निरोप, तोही दोन शब्दांचा. पीडितेचा शब्द, साक्षीदाराचा शब्द आणि अपराध्याचा शब्द अशी ही तीन द्विशब्दी वाक्ये आहेत. पहिल्या दोन शब्दांना दाविदाने डावपेचांनी उत्तर दिले. तिसरे उच्चारले जाण्यासाठी दुसरे लागले. कथेतील बाकी सारे, म्हणजे आज्ञा, पत्रे, निरोप, युद्धवार्ता, हे या तीन वाक्यांमधल्या अंतराचे भरताड आहे.

४

पण केवळ दोन शब्दांनी काय सिद्ध होते? 'मी पाप केले' असे दाविदापूर्वी शौलानेही शमुवेलापुढे म्हटले होते, तेही दोनदा, आणि क्रियापद तेच होते. अमालेक्यांची उत्तम गुरे राखून ठेवल्याचा अपराध कबूल करताना शौल लगेच जोडतो की आपण लोकांना भ्यालो. आणि दुसऱ्या कबुलीनंतर विनंती करतो की वडीलधाऱ्यांसमोर आपला मान राखावा. त्याच्या कबुलीला शेपूट आहे. दाविदाच्या कबुलीला ते नाही, एवढा भेद संहिता दाखवते. पण म्हणून दाविदाची कबुली 'अधिक प्रामाणिक' असा शिक्का ती मारत नाही.

या संदर्भात मत्तयाच्या शुभवर्तमानातील यहूदा इस्कर्योताकडे पाहणे उद्बोधक ठरेल. येशूला दंड ठरल्याचे पाहून त्याला खंत वाटते. येथे 'मेटानोइया'च्या कुळातले नव्हे, खंत वाटणे या अर्थाचे वेगळे ग्रीक क्रियापद आले आहे. तो तीस रुपये परत करतो. निर्दोष रक्ताचा घात करून आपण पाप केले, असे म्हणतो. बारकाईने पाहता ही कबुली दाविदाच्या कबुलीपेक्षा अधिक भरलेली आहे. तिच्यात बळीचा उल्लेख आहे, परतफेड आहे, ताप तर आहेच. 'पश्चात्ताप' या शब्दाच्या कसोटीवर यहूदा दाविदाहून सरस उतरेल. तरीही तो गळफास घेतो. का? परंपरागत उत्तर, त्याची निराशा. पण संहितेत एक बाब आधी येते. ज्यांच्याकडे तो गेला ते मुख्य याजक व वडील त्याला सांगतात की त्याचे आम्हांला काय, तुझे तू पाहा. पाप ऐकून घेणे हे ज्यांच्या पदाचे काम, त्यांनी दार लावून घेतले. यहूदाला नाथान मिळाला नाही. परतायचे तर ज्याच्याकडे परतावे असे कोणीतरी असावे लागते. नाहीतर उरतो तो नुसता ताप, आणि तो माणसाला जाळून टाकतो. अपराध्याची कबुली ऐकण्यास नकार देणारी संस्था त्या अपराधात वाटेकरी होते, हे मत्तयाने अवघ्या एका संवादात मांडले आहे.

क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९६३ च्या आपल्या निबंधात, पौलाला आत्मपरीक्षणाने पोळलेला माणूस म्हणून वाचणे ही ऑगस्टीन आणि ल्यूथर यांच्या मार्गे आलेली पाश्चात्त्य सवय आहे, असे प्रतिपादन केले होते. त्यांचा रोख पौलाच्या पत्रांवर होता. पण त्यांची सूचना या कथांनाही लागू पडावी. अंतर्मुख, एकाकी, स्वतःशीच झगडणारा अपराधी ही नंतरच्या युरोपीय साहित्याची निर्मिती. बायबलमधील अपराधी एकाकी असतो तेव्हा तो बहुधा निर्ढावलेला तरी असतो, नाहीतर मरणाच्या वाटेवर तरी.

५

स्तोत्रसंहितेतील एक्कावन्नावे स्तोत्र या कथेशी परंपरेने जोडले गेले आहे. नाथान दाविदाकडे आला त्या प्रसंगीचे हे स्तोत्र, असे त्याचे शीर्षक सांगते. शीर्षके मागाहून जोडलेली असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. स्तोत्राच्या अखेरीस यरुशलेमेचे तट बांधले जावेत अशी प्रार्थना आहे, तीही बरीच नंतरच्या, नगर उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या काळाकडे बोट दाखवते. पण म्हणून शीर्षक निरर्थक ठरत नाही. कथेत दोनच शब्दांवर थांबलेल्या माणसाला कोणा प्राचीन वाचकाने स्तोत्राच्या रूपाने अंतरंग बहाल केले. ते शीर्षक म्हणजे एक समीक्षात्मक कृतीच होय.

या स्तोत्रात पापासाठी तीन शब्द येतात. एकाचा अर्थ बंड, दुसऱ्याचा वाकडेपणा, तिसऱ्याचा नेम चुकणे. पॉल रिकर यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात दुरिताच्या प्रतीकांचे डाग, तुटलेले नाते आणि ओझे असे जे तीन स्तर सांगितले, ते येथे एकमेकांत मिसळलेले दिसतात. धुण्याची प्रतिमा विशेष लक्षणीय आहे. येथे अंगावरून पाणी घेण्याचे क्रियापद नाही. कपडे तुडवून, आपटून धुण्याचे आहे. बथशेबेचे ते स्नान होते. दावीद मागतो ती धुलाई धोब्याची आहे. आणि नवे हृदय निर्माण करावे या याचनेत जे क्रियापद आहे, ते उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यात आकाश व पृथ्वी यांच्या निर्मितीसाठी आलेले आहे. मनाची दुरुस्ती येथे अपुरी मानली आहे.

तथापि या स्तोत्राने एक गंभीर अडचण निर्माण केली आहे. पाप केवळ देवाविरुद्धच घडले, असे त्यातील स्तोता म्हणतो. मग उरीया कोठे गेला? बथशेबा कोठे गेली? देवाशी होणाऱ्या समेटात मेलेल्या माणसाचा हिशेब परस्पर मिटवला जातो काय? धर्मशास्त्रीय स्पष्टीकरण असे की, प्रत्येक मानवी अन्याय अंतिमतः त्या मानवाच्या निर्मात्याविरुद्ध असतो. हे स्पष्टीकरण तर्कशुद्ध आहे, पण ज्याचा बळी गेला त्याच्या बाजूने पाहता ते समाधान देत नाही. माझ्या मते स्तोत्र स्वतःच स्वतःला पुरते मानत नाही. पुढे एका ओळीत रक्तदोषातून सोडवण्याची याचना येते, आणि तेथील 'रक्त' हा शब्द अनेकवचनी आहे. उत्पत्तीत काइनाने मारलेल्या हाबेलाचे रक्त जमिनीतून आक्रोश करते, तेथेही तो असाच अनेकवचनी येतो. देवाशी एकांतात बोलू पाहणाऱ्या माणसाच्या प्रार्थनेत मृताचे रक्त असे शिरते.

६

नाथान क्षमा जाहीर करतो, पण त्याच श्वासात परिणामही सांगतो. राजा मरणार नाही; मूल मरेल; तलवार घराला सोडणार नाही. आजच्या वाचकाला निष्पाप अर्भकाचा मृत्यू असह्य वाटतो, आणि तो वाटावाच. संहितेची ती जखम कोणत्याही अन्वयार्थाने बुजवू नये. पण पुढील घटनांची रचना केवळ दैवी शिक्षेची नाही. अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, बलात्कार करतो. तिला त्याच्या घरी पाठवणारा दावीदच असतो. त्याला संताप येतो, पण तो मुलाला शासन करत नाही. बापाने दुसऱ्याच्या पत्नीला 'घेतले' हे ज्या घरात माहीत आहे, त्या घरात बापाचा न्याय लुळा पडला आहे. अबशालोम सूड घेतो, बंड करतो, आणि राजवाड्याच्या गच्चीवर बापाच्या उपपत्नींशी उघडपणे रत होतो. जी कथा गच्चीवर सुरू झाली ती गच्चीवर परत येते.

आणि नेमके येथे, पळून जाणाऱ्या राजात, परतण्याची काही चिन्हे दिसतात. डोके झाकून, अनवाणी, रडत तो डोंगर चढतो. कराराचा कोश सोबत आणलेला असतो, तो नगरात परत पाठवतो. देवाला आपल्या बाजूला बांधून ठेवू पाहत नाही. शिमी नावाचा माणूस वाटेत त्याला रक्तपाती म्हणून शिव्या देतो, दगड मारतो; सेवक त्याचे शिर उडवायला निघतात, तर दावीद त्यांना थांबवतो. एकेकाळी एका शब्दाने माणूस मारवणारा राजा आता शाप ऐकून घेतो. बाराव्या अध्यायातील दोन शब्दांचे वजन येथे, सोळाव्यात, कळते. मात्र निवेदक आपल्याला याही समाधानात राहू देत नाही. मृत्युशय्येवर दावीद शलमोनाला बजावतो की शिमीला सुखाने मरू देऊ नये. 'शूव' ही एकदाच घडून संपणारी घटना नव्हे. परतलेला माणूस पुन्हा वाट सोडू शकतो.

मग शेष काय राहते? इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाने हे प्रकरण गाळून टाकले. युद्धाचा ऋतू आणि राजाचे यरुशलेमेत राहणे तेथे आहे. लगेच राब्बा नगर पडते. बथशेबा आणि उरीया नाहीत. आदर्श राजाच्या चरित्राला ते गैरसोयीचे होते. शमुवेलाच्या निवेदकाने मात्र नावाचा हिशेब काटेकोर ठेवला. उरीया मेल्यावर, दाविदाने बथशेबेशी लग्न केल्यावरही तो तिला 'उरीयाची पत्नी' म्हणतो. मूल आजारी पडते तेव्हाही ती उरीयाचीच पत्नी असते. ते मूल मेल्यावर दावीद तिचे सांत्वन करतो, तेव्हा कोठे तिचे नाव परत येते आणि ती 'त्याची पत्नी' होते. आणि कित्येक शतकांनी येशूची वंशावळ लिहिताना मत्तय तामार, राहाब व रूथ यांची नावे घेतो. पण शलमोनाच्या आईपाशी येऊन तिचे नाव लिहीत नाही, ती उरीयाची होती, एवढेच लिहितो. क्षमा झालेल्या राजाच्या वंशावळीत ज्याला त्याने मारले त्याचे नाव असे कोरलेले राहिले. बथशेबेचे नाव मात्र त्यासाठी खर्ची पडले. तिचे ते दोन शब्द सोडले तर या साऱ्या प्रकरणात तिला काय वाटले, हे विचारणारा नाथान अद्याप कोणी पाठवलेला नाही.